जगज्जेतेपदाची लढत ठरते कशी आणि फिसकटते कशी?

हेवीवेट बॉक्सिंगच्या बातम्या वर्षभर वाचल्या तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. रिंगमध्ये प्रत्यक्ष झालेल्या लढतींपेक्षा ‘होणार, होणार’ म्हणून गाजलेल्या लढतींवर जास्त शाई खर्च होते. आज करार झाल्याची बातमी येते, उद्या तो मोडल्याची येते आणि सहा महिन्यांनी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चाहते याचा एकच अर्थ लावतात, की अमुक बॉक्सर घाबरला. हे स्पष्टीकरण सोपे आहे आणि बहुतेक वेळा चुकीचे आहे.

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचा जो एक पेपर असतो, त्यात ‘वाटाघाटी’ हा घटक दोन पानांत उरकलेला असतो. उदाहरण बहुधा कच्चा माल विकत घेणाऱ्या कारखान्याचे असते आणि ते वर्गात कोणालाच जागे ठेवत नाही. त्यापेक्षा बॉक्सिंगची लढत बरी. तिच्यातले बरेच आकडे जाहीर होतात, दोन्ही बाजू उघडपणे भांडतात आणि शेवटी काय झाले तेही आपल्याला ठाऊक असते. हे टिपण वाचायला टक्केवारी येत असली तरी पुरे. बॉक्सिंग आवडलेच पाहिजे असे नाही.

दिल्लीतली एक लढत आणि एक न झालेली

सुरुवात जवळून करू. विजेंदर सिंग याने २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. बॉक्सिंगमधले भारताचे ते पहिले ऑलिम्पिक पदक. २०१५ मध्ये त्याने इंग्लंडमधील क्वीन्सबेरी प्रमोशन्स या कंपनीशी करार केला आणि तो व्यावसायिक झाला. पहिल्या सहाही लढती त्याने प्रतिस्पर्ध्याला वेळेआधी गारद करून जिंकल्या. मग १६ जुलै २०१६ रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये त्याची लढत केरी होप याच्याशी झाली. करोल बागेतून निघालात तर राजीव चौकात मेट्रो बदलून आयएनएला उतरायचे, तिथून स्टेडियम जवळच आहे. डब्ल्यूबीओ संघटनेचा आशिया पॅसिफिक सुपर मिडलवेट पट्टा पणाला लागला होता. दहा फेऱ्या झाल्या आणि पंचांनी ९८-९२, ९८-९२ आणि १००-९० अशा गुणांनी विजेंदरला विजयी ठरवले.

या लढतीची बोलणी तुलनेने सरळ होती. तो पट्टा त्या वेळी रिकामा होता, म्हणजे कोणाकडेच नव्हता. त्यामुळे ‘मी विजेता आहे, मला जास्त द्या’ असे म्हणणारे समोर कोणी नव्हते. तिकिटे विजेंदरच्या नावावर खपणार होती, प्रक्षेपण भारतात व्हायचे होते आणि वेल्समध्ये जन्मून ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या होपसाठी ती एक चांगली संधी होती. ज्याच्या नावावर तिकिटे खपतात त्या बाजूला या धंद्यात ‘ए-साइड’ म्हणतात. दिल्लीत ए-साइड कोण याबद्दल वादच नव्हता, आणि जिथे हा वाद नसतो तिथे लढत ठरते.

त्याच काळात दुसऱ्या एका लढतीची चर्चा भारतात आणि इंग्लंडमध्ये रंगत होती, ती म्हणजे विजेंदर विरुद्ध आमीर खान. आमीर पाकिस्तानी वंशाचा ब्रिटिश बॉक्सर, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधला रौप्यपदक विजेता आणि पुढे लाइट वेल्टरवेट गटातला जगज्जेता. भारत-पाकिस्तान हा रंग आपोआप चढत होता, त्यासाठी वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती. दोघेही मुलाखतींतून अधूनमधून एकमेकांना आव्हान देत राहिले. ती लढत कधीच झाली नाही. का झाली नाही हे मी पुढे सांगतो, कारण त्यासाठी आधी थोडे गणित लागेल.

एक तळटीप इथेच. दिल्लीने खराखुरा हेवीवेट महानायक पाहिला तो जानेवारी १९८० मध्ये. मुहम्मद अली नॅशनल स्टेडियमवर भारताच्या कौर सिंग यांच्याशी चार फेऱ्या खेळले. पण ती प्रदर्शनीय लढत होती. पट्टा नव्हता, क्रमवारी नव्हती, हरणाऱ्याचे काही जाणार नव्हते. अशी लढत ठरवायला सद्भावना पुरते. पट्ट्याच्या लढतीला ती कधीच पुरत नाही.

हातात दुसरे काय आहे?

करोल बागेत गफ्फार मार्केटला जुना फोन घ्यायला तुम्ही गेलात असे समजा. दुकानदार ९,००० रुपयांच्या खाली देणार नाही, कारण तेवढे देणारा दुसरा गिऱ्हाईक त्याच्याकडे सकाळीच येऊन गेला आहे. तुम्हाला तसाच फोन दुसरीकडे ११,००० ला मिळतो, म्हणून तुम्ही त्याहून जास्त देणार नाही. सौदा ९ ते ११ हजारांच्या मधे कुठेही होऊ शकतो. दोघे सारखेच चिवट असतील तर १०,००० च्या आसपास होईल. आता त्याच गल्लीत पुढच्या दुकानात तुम्हाला तोच फोन ९,६०० ला दिसला. मधली जागा आक्रसून ६०० रुपयांची झाली आणि मध्य ९,३०० वर आला. घासाघीस न करता, एक शब्दही न बोलता तुमचे ७०० रुपये वाचले.

म्हणजे सौद्यातली ताकद बोलण्याच्या चातुर्यात कमी आणि हा सौदा मोडला तर हातात काय उरते यात जास्त असते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला ‘बॅटना’ म्हणतात. आपण ‘हातचा पर्याय’ म्हणू.

जॉन नॅश यांनी १९५० मध्ये हा विचार गणितात बसवला. त्याची सर्वांत साधी आवृत्ती अशी: दोघांनी मिळून केलेल्या सौद्याची एकूण किंमत घ्या. त्यातून दोघांचे हातचे पर्याय वजा करा. उरेल ती सौद्यामुळे होणारी खरी कमाई. ती निम्मी-निम्मी वाटा आणि प्रत्येकाच्या हातच्या पर्यायात मिळवा.

बॉक्सिंगला लावून पाहू. आकडे मी गणितासाठी घेतलेले आहेत. दोन मोठ्या हेवीवेटची लढत १०० कोटींची आहे. ती झाली नाही तर पहिला कोणा दुय्यम प्रतिस्पर्ध्याशी लढून ३० कोटी मिळवेल, दुसरा २० कोटी. खरी कमाई १०० − ५० = ५० कोटी. वाटणी झाली ५५ आणि ४५. आता पहिल्याकडे पट्टा आहे आणि त्याचा हातचा पर्याय ४० चा आहे असे धरा. कमाई उरली ४०, वाटणी ६० आणि ४०. त्याचा पर्याय ५० चा झाला आणि दुसऱ्याचा १० वर घसरला तर ७० आणि ३०.

या आकड्यांकडे नीट पाहा, कारण बॉक्सिंगच्या बातम्यांत नेमके हेच आकडे येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये टायसन फ्युरीने अँथनी जोशुआपुढे ६०-४० चा प्रस्ताव ठेवला आणि जोशुआच्या बाजूने तो मान्यही झाला. एका वर्षापूर्वी जोशुआकडे तीन पट्टे होते. मधल्या काळात ओलेक्सांद्र उसिककडून तो दोनदा हरला होता, सप्टेंबर २०२१ मध्ये लंडनला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जेद्दाला. त्याचा ठोसा तेवढाच जड होता, हातचा पर्याय हलका झाला होता. चाळीस टक्के हा त्याच्या कौशल्याचा भाव नव्हता.

मग वाटणी मान्य असूनही ती लढत का झाली नाही? फ्युरीने सही करण्यासाठी सोमवारची मुदत दिली, ती उलटली आणि फ्युरी ३ डिसेंबरला डेरेक चिसोराशी लढला. चिसोराला तो आधी दोनदा हरवून बसला होता. नॅशचे साधे गणित इथे अपुरे पडते, कारण त्यात दोनच माणसे आहेत. प्रत्यक्षात टेबलाभोवती निदान आठ असतात: दोन बॉक्सर, दोघांचे प्रमोटर, दोघांशी करार केलेल्या दोन प्रक्षेपण कंपन्या, पट्टा देणारी संघटना आणि रांगेत आधीपासून उभा असलेला कोणीतरी. फ्युरी बीटी स्पोर्टकडे होता, जोशुआ डॅझोनकडे. एकाच लढतीचे चित्र कोणाच्या पडद्यावर दिसणार, या एका प्रश्नाने बॉक्सिंगमध्ये किती लढती खाल्ल्या असतील याची मोजदाद नाही.

हा प्रश्न सुटतच नाही असे मात्र समजू नका. २००२ मध्ये लेनॉक्स लुईस एचबीओचा बॉक्सर होता आणि माइक टायसन शोटाइमचा. दोन्ही कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. तरी त्यांनी लढतीचे संयुक्त प्रक्षेपण केले, कारण रक्कम इतकी मोठी होती की अडून बसणे कोणालाच परवडणारे नव्हते. ८ जूनला मेम्फिसमध्ये झालेल्या त्या लढतीने घरबसल्या पैसे भरून पाहणाऱ्यांकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली. त्या वेळी तो विक्रम होता.

तिसऱ्याचा हक्क

मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत बोधप्रद वाटते ते २०२१ चे प्रकरण.

त्या वर्षी मार्चमध्ये फ्युरी आणि जोशुआ यांनी दोन लढतींच्या करारावर सह्या केल्याचे जाहीर झाले. चारही मोठे पट्टे, म्हणजे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ, या दोघांत वाटलेले होते. जिंकेल तो निर्विवाद जगज्जेता. १६ मे रोजी फ्युरीने एका चित्रफितीत सांगून टाकले की लढत १४ ऑगस्टला सौदी अरेबियात होणार. दुसऱ्याच दिवशी, १७ मे रोजी, अमेरिकेतील एका लवादाने निर्णय दिला की फ्युरीने आधी डिऑन्टे वाइल्डरशी लढले पाहिजे.

वाइल्डर यात कुठून आला? फेब्रुवारी २०२० मध्ये फ्युरीने त्याला हरवून डब्ल्यूबीसीचा पट्टा घेतला होता. त्या लढतीच्या करारात फेरलढतीचे कलम होते. हरणाऱ्याने मागितले तर पुन्हा लढायचे. फ्युरीच्या बाजूचे म्हणणे होते की मुदत संपल्याने कलम आता लागू नाही. वाइल्डर लवादाकडे गेला. बाहेर जग जोशुआच्या लढतीची चर्चा करत होते आणि आत एक निवृत्त न्यायाधीश जुन्या कराराची कलमे वाचत होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २५ सप्टेंबरला जोशुआ उसिककडून हरला आणि त्याचे पट्टे गेले. ९ ऑक्टोबरला लास वेगासमध्ये फ्युरीने वाइल्डरला अकराव्या फेरीत गारद केले. निर्विवाद जगज्जेतेपदाची फ्युरी-जोशुआ लढत पंधरा दिवसांच्या अंतराने झालेल्या या दोन लढतींनी संपवली, आणि त्यात घाबरण्याचा प्रश्न कुठेच आला नाही.

हे कलम असतेच का? पट्टा असलेला बॉक्सर धोकादायक प्रतिस्पर्ध्याशी लढायला तयार व्हावा म्हणून. हरलास तरी आणखी एक संधी आहे, असे त्याला सांगितले जाते. तो एक प्रकारचा विमा आहे. पण त्याचा हप्ता कोण भरतो ते पाहा. हप्ता भरतो तो पुढचा आव्हानवीर, ज्याची त्या करारावर सहीच नाही.

तिसऱ्याचा हक्क दुसऱ्या वाटेनेही येतो. प्रत्येक संघटना क्रमवारी ठेवते आणि ठरावीक काळात विजेत्याने अधिकृत आव्हानवीराशी लढावे असा नियम करते, नाहीतर पट्टा काढून घेते. नियम मुळात चांगला आहे. तो नसता तर विजेत्यांनी सोपे प्रतिस्पर्धी निवडून वर्षे काढली असती. पण चार संघटना, चार क्रमवाऱ्या आणि चार आव्हानवीर असले की एका माणसाला सगळे सांभाळणे अशक्य होते. उसिक मे २०२४ मध्ये निर्विवाद जगज्जेता झाला आणि पुढच्याच महिन्यात त्याला आयबीएफचा पट्टा सोडावा लागला.

यावर धंद्याने काढलेला उपाय म्हणजे बाजूला होण्याचे पैसे. १९९६ मध्ये लेनॉक्स लुईस डब्ल्यूबीसीचा अधिकृत आव्हानवीर होता. टायसनला आधी ब्रूस सेल्डनशी लढून डब्ल्यूबीएचा पट्टा मिळवायचा होता. तेव्हा लुईसने वाट मोकळी करून देण्याचे ४० लाख डॉलर घेतले. एकही ठोसा न मारता मिळालेले हे मानधन म्हणजे रांगेतल्या जागेची किंमत. वाइल्डरनेही २०२१ मध्ये असा मार्ग पत्करला असता तर बरेच पुढचे बदलले असते.

आणि एक तिसरा प्रकार, ज्यात विजेता नियमच झुगारतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत लुईसने रिडिक बोला हरवले होते. चार वर्षांनी बो व्यावसायिक जगज्जेता झाला आणि लुईस त्याचा अधिकृत आव्हानवीर. डिसेंबर १९९२ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत बोने डब्ल्यूबीसीचा पट्टा चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो पट्टा न लढताच लुईसकडे गेला. व्यावसायिक रिंगमध्ये हे दोघे कधीच समोरासमोर आले नाहीत.

बंद पाकिटे

बोलणी ठरावीक मुदतीत जमली नाहीत तर संघटना लढतीचा लिलाव करते. याला पर्स बिड म्हणतात. बॉक्सरांच्या एकूण मानधनाला या धंद्यात ‘पर्स’ म्हणतात. प्रमोटर बंद पाकिटात आकडा देतात, पाकिटे एकत्र उघडली जातात आणि सर्वांत मोठी बोली लावणारा लढत भरवतो. वाटणीचे प्रमाण संघटना आधीच ठरवते. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना हे लगेच कळेल, ही सरळसरळ निविदा आहे, फक्त इथे सर्वांत कमी नव्हे तर सर्वांत जास्त रक्कम जिंकते.

जानेवारी २०२२ मध्ये फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी फ्रँक वॉरन यांच्या कंपनीने ४,१०,२५,००० डॉलरची बोली लावली. दुसरी बोली ३,२२,२२,२२२ डॉलरची होती. नियम असा होता: १० टक्के जिंकणाऱ्यासाठी राखून ठेवायचे, उरलेल्याचे ८०-२० वाटप. म्हणजे ४१ लाख बाजूला, उरलेले ३ कोटी ६९ लाख. त्यातले सुमारे २ कोटी ९५ लाख फ्युरीचे, सुमारे ७४ लाख व्हाइटचे. ती लढत २३ एप्रिलला वेम्बलीवर झाली आणि ती फ्युरीने जिंकली.

बोलीत एक सापळा असतो. व्लादिमिर क्लिचको आणि अलेक्झांडर पोवेत्किन यांच्या २०१३ च्या लढतीसाठी रशियन गटाने २ कोटी ३३ लाख डॉलरची बोली लावली. दुसऱ्या क्रमांकाची बोली ७१ लाखांच्या आसपास होती. ७२ लाखांत जे मिळाले असते त्यासाठी तिप्पट मोजले गेले! अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. त्या गटाला लढत काहीही करून मॉस्कोत हवी होती, म्हणून त्यांच्या लेखी कदाचित तो शाप नसेलही. वाटणी ७५-२५ होती, त्यामुळे त्यातले सुमारे १ कोटी ७५ लाख पाहुण्या क्लिचकोने नेले आणि वर गुणांवर लढतही जिंकली.

हवा कशासाठी करतात?

आता गाजावाजाकडे येऊ. शिवीगाळ, ढकलाढकली, रोजच्या रोज नव्या चित्रफिती, याचा एक उद्देश उघड आहे, तिकिटे खपवणे. पण बोलणी चालू असतानाच्या हवेचा उद्देश वेगळा असतो. ती समोरच्याला ऐकवण्यासाठी असते.

थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमाराला मांडलेला विचार असा, की वाटाघाटीत कधी कधी स्वतःचे हात बांधून घेणारा जिंकतो. आपल्याला हे शेलिंगकडून शिकायची गरज नाही. सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची गोष्ट तुम्ही चौथीत वाचलेली आहे. मागे फिरायची वाट उरली नाही की समोरच्याला कळते, हा आता हटणार नाही. बॉक्सर जेव्हा कोट्यवधी लोकांसमोर ‘सत्तर टक्क्यांच्या खाली मी लढणार नाही’ म्हणतो तेव्हा तो दोर कापत असतो. नंतर ६५ ला तयार झाला तर त्याची नाचक्की होते, आणि ही नाचक्की हीच त्याची हमी.

मार्च २०२३ मध्ये फ्युरीने उसिकबाबत नेमके हेच केले. सत्तर-तीस, घ्यायचे तर घे, आणि जितके दिवस लावशील तितके रोज एक टक्का कमी करीन, असे त्याने जाहीर केले. उसिकने त्याच दिवशी तीस टक्के स्वीकारले. अट एकच, लढतीनंतर फ्युरीने युक्रेनच्या लोकांना दहा लाख पौंड द्यावेत, आणि उशीर केला तर रोज एक टक्का फ्युरीने आपल्या वाट्यातून द्यावा. दोर कापणाऱ्याच्या हातात त्याचाच दोर दिला. या खेळीला मी तरी पैकीच्या पैकी गुण देईन.

तरीही दोन आठवड्यांच्या आत बोलणी फिसकटली. यावेळी कारण फेरलढतीच्या अटी. म्हणजे जाहीर भांडण वाटणीवर झाले आणि सौदा मोडला तो दुसऱ्याच कलमावर. वाटाघाटींच्या बातम्या वाचताना हे विसरू नका. छापून येतो तो आकडा ७०-३० सारखा सुटसुटीत असतो. गाडी अडते ती पान सत्तावीसवरच्या कलमापाशी.

हवा अंगावरही येते. जानेवारी २००२ मध्ये न्यूयॉर्कला पत्रकार परिषदेत टायसन आणि लुईस यांच्यात मंचावरच हाणामारी झाली. काही दिवसांतच नेवाडाच्या आयोगाने टायसनला परवाना नाकारला. लढत लास वेगासमधून गेली, शेवटी मेम्फिसला झाली. जाहिरात म्हणून पाहिले तर त्या मारामारीने लढत आणखी मोठी केली, पण बोलणी करणाऱ्यांना सगळे पुन्हा मांडावे लागले.

फ्युरी-उसिक लढत अखेर झाली ती १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये. आधी ती १७ फेब्रुवारीला ठरली होती, सरावात फ्युरीच्या डोळ्यावर जखम झाल्याने पुढे गेली. ती जमली कशी? सौदी सरकारचा पैसा आला आणि तुर्की अल-शेख हा एकच माणूस दोन्ही बाजूंना रक्कम देऊ लागला. तिकिटांतून ती वसूल झाली पाहिजे असे बंधन त्याच्यावर नव्हते. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीसारखे झाले हे. तिथे जोड आणि इनाम पंचकमिटी ठरवते, पैलवानांनी एकमेकांशी टक्केवारीवर भांडायचा प्रश्नच नसतो, हलगी वाजली की कुस्ती लागते. मात्र जत्रेचा पैसा गावाच्या वर्गणीचा असतो. सौदी पैशामागे त्या देशाची प्रतिमा उजळण्याचा हेतू आहे अशी टीका मानवी हक्क संघटना करत आल्या आहेत आणि ती टीका बाजूला सारण्यासारखी नाही. लढत उसिकने विभागून दिलेल्या निकालाने जिंकली. १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतरचा तो पहिला निर्विवाद हेवीवेट जगज्जेता.

विजेंदर आणि आमीर, पुन्हा

आता ती न झालेली लढत या चौकटीत ठेवा.

पहिली अडचण वजनाची. विजेंदर १६८ पौंडांच्या गटात लढत होता, आमीरची कारकीर्द मुख्यतः १४० आणि १४७ पौंडांतली. १४७ धरले तरी फरक २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो. मधल्या वजनावर लढायचे तर एकाने अंगातून पाणी काढायचे आणि दुसऱ्याने अंगावर वजन चढवायचे. मे २०१६ मध्ये आमीर १५५ पौंडांवर कनेलो अल्वारेझशी लढला आणि सहाव्या फेरीत निपचित पडला. त्यानंतर त्याहूनही वरच्या वजनावर जाण्यासाठी त्याने किती किंमत मागितली असती? हेवीवेटमध्ये वजनाला वरची मर्यादा नसल्याने ही अडचण तिथे येत नाही, हे जाता जाता लक्षात घ्या.

दुसरी अडचण ए-साइडची. भारतात विजेंदर मोठा, व्यावसायिक बॉक्सिंगच्या बाजारात आमीर कितीतरी मोठा. प्रत्येकजण वेगळ्या बाजाराचा आकडा पुढे करू शकत होता, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असते. दिल्लीत होपसमोर जो प्रश्न उद्भवलाच नाही, तो इथे सुटण्यासारखा नव्हता.

तिसरी गोष्ट माझा अंदाज आहे, पुराव्याने सिद्ध करण्यासारखी नाही. काही बोलणी सौद्यासाठी नसतातच. आव्हान दिले की बातमी होते. लढत झाली तर एकजण हरतो, चर्चा झाली तर दोघेही जिंकतात. खर्च शून्य. अशा वेळी नॅशच्या सूत्रात ‘हातचा पर्याय’ या जागी ‘चर्चा चालू ठेवणे’ हाच पर्याय लिहावा लागतो, आणि तो बरा भरतो.

पण तो पर्याय दर वर्षी आटत जातो, कारण शरीर आटते. मार्च २०२१ मध्ये पणजीला मांडवीवरच्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर रशियाच्या आर्टिश लोपसानने विजेंदरला पाचव्या फेरीत हरवले. सलग १२ विजयांनंतरचा तो पहिला पराभव. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमीर केल ब्रूककडून हरला. ती लढतही कित्येक वर्षे नुसती गाजत राहिली होती आणि झाली तेव्हा दोघेही पस्तिशीत होते. त्याच वर्षी आमीरने निवृत्ती जाहीर केली. फोन आज घेतला नाही तर पुढच्या महिन्यात स्वस्त मिळतो. बॉक्सर पुढच्या वर्षी स्वस्त मिळतो, कारण मधल्या काळात त्याने आणखी मार खाल्लेला असतो, आणि त्या घटीचा हिशेब प्रमोटरच्या वहीत नसतो, त्याच्या डोक्याच्या स्कॅनमध्ये असतो.

सोडवून पाहा

फ्युरी-व्हाइट लढतीत पहिली बोली आलीच नसती तर ३,२२,२२,२२२ डॉलरची बोली जिंकली असती. जिंकणाऱ्याचे १० टक्के आधी काढा. उरलेल्या रकमेत व्हाइटचा वाटा किती टक्के असता म्हणजे हरूनही त्याच्या हाती सुमारे ७४ लाख डॉलरच पडले असते? उत्तर २५ आणि २६ च्या मधे यायला हवे. मग असा विचार करा: तुम्ही व्हाइटचे सल्लागार असता, तर जास्त टक्क्यांसाठी संघटनेशी भांडला असता, की आणखी एका प्रमोटरला बोली लावायला राजी करण्यात तेवढाच वेळ घातला असता?